घरातल्या डिजिटल वस्तूंचा कार्बन-हिशेब: मांडायचा कसा, उतरवायचा कसा

वीजबिलात फ्रिजचे किती आणि पंख्यांचे किती, याचा अंदाज बहुतेक घरांत असतो. राउटर, सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप, चार-चार मोबाइल यांचे किती, हे मात्र सहसा कुणाला सांगता येत नाही. शिवाय या वस्तूंचा बराचसा भार आपल्या बिलावर येतच नाही. फोन आपल्या हातात पडण्याआधीच त्याच्यापायी कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात कोळसा आणि वायू जळून गेलेला असतो. आणि आपण पाहतो तो व्हिडिओ सर्व्हरपासून टॉवरपर्यंत ठिकठिकाणी वीज खात आलेला असतो. हा तिन्ही ठिकाणचा भार एका वहीत आणायचा आणि मग तो खरोखर कुठे उतरवता येतो ते पाहायचं, अशी ही कृती आहे. ती करावी असं मला कळकळीनं वाटतं, कारण या विषयावर सल्ले भरपूर मिळतात आणि त्यातले पुष्कळसे चुकीच्या जागी कष्ट करायला लावतात.

लागणारं साहित्य थोडं आहे: एक वही, गेल्या महिन्याचं वीजबिल, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, आणि मदतीला घरातलं एक माणूस. सुट्टीची एक सकाळ पुरते. पाऊस किंवा विजेचा लपंडाव नसेल असा दिवस निवडा.

यादी करा, अडगळीसकट

घराच्या एका टोकापासून निघा आणि पडद्याची किंवा इंटरनेटची प्रत्येक वस्तू लिहून काढा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, टीव्हीला मागून लावलेली स्टिक, राउटर, फायबरवाल्यानं भिंतीवर लावून दिलेला पांढरा डबा, लॅपटॉप, टॅब, प्रिंटर, स्पीकर, मनगटावरचं घड्याळ, दारावरचा कॅमेरा आणि त्याचा रेकॉर्डर. मग कपाटं आणि माळा उघडा. बंद पडलेले फोन, बॅटरी गेली म्हणून ठेवून दिलेला लॅपटॉप, चार्जरांचा गुंता, हेही यादीत येऊ द्या. शेवटच्या पायरीत त्यांचं काम आहे.

प्रत्येक वस्तूपुढे ती घेतल्याचं साल लिहा. हा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण साऱ्या हिशेबात याच्याइतका महत्त्वाचा दुसरा रकाना नाही. साल आठवत नसेल तर ऑनलाइन खरेदीच्या जुन्या ऑर्डरी किंवा वॉरंटीचं कार्ड बघा. काहीच सापडलं नाही तर घरातल्या प्रसंगाचा आधार घ्या: मुलगी दहावीला होती तेव्हा, किंवा कोरोनात शाळा घरून सुरू झाली तेव्हा. वर्षभराची चूक चालेल.

मीटरच्या दिव्यावरून वॅट मोजा

चार्जरवर किंवा वस्तूच्या पाठीवर लिहिलेला वॅटचा आकडा थेट हिशेबात घेऊ नका. तो कमाल मर्यादेचा आकडा असतो. ६५ वॅटचा चार्जर लावलेला लॅपटॉप साधं टायपिंग करताना त्याच्या निम्मी वीजही घेत नाही. उलट सेट-टॉप बॉक्ससारखी वस्तू रिमोटनं बंद केल्यावरही जवळजवळ तितकीच वीज घेत राहते, आणि ते तिच्या पाठीवर कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून मोजायचं.

प्लग आणि वस्तू यांच्यामध्ये लावायचं छोटं वॅटमीटर बाजारात मिळतं. शेजारच्या कुणाकडे असेल तर एका दिवसासाठी मागून आणा. नसलं तरी अडत नाही, कारण घरोघरी एक उत्तम मोजयंत्र आधीच बसवलेलं आहे, ते म्हणजे विजेचं मीटर. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुकी हे छापलेलं असतं: कुठे ३२००, कुठे १६००, कुठे ६४००. मीटरचं सील किंवा झाकण यांना अजिबात हात लावायचा नाही, फक्त बाहेरून दिवा बघायचा.

क्रम असा ठेवा. घरातला फ्रिज, गीझर, पंप, दिवे, सगळं बंद करा. फ्रिज अर्धा-पाऊण तास बंद राहिला तर आतलं काही बिघडत नाही, दार तेवढं उघडू नका. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याची मेन्सची पिनही काढा. नाहीतर तो मधूनच बॅटरी चार्ज करायला घेईल आणि सगळी मोजणी वाया जाईल. मग एकच पंखा पूर्ण वेगानं चालू ठेवा. पंखा का, हे विचाराल म्हणून सांगतो: घरगुती मीटरला फार थोडा प्रवाह मोजता येत नाही. एकटा राउटर लावला तर दिवा क्वचितच लुकलुकेल किंवा अजिबात लुकलुकणार नाही. पंखा चालू असला की मीटर जागं असतं, आणि वर किती भर पडली ते कळतं.

आता एकानं मीटरपाशी उभं राहायचं आणि दुसऱ्यानं घरात. मीटर जिन्याखाली असेल तर दोघांनी फोन चालू ठेवून बोलावं. फक्त पंख्यावर दहा मिनिटांत दिवा किती वेळा लागला ते मोजा. समजा ४० वेळा लागला. मग पंखा तसाच ठेवून सेट-टॉप बॉक्स आणि राउटर, दोन्ही चालू करा आणि पुन्हा दहा मिनिटं मोजा. समजा ५१ भरले. फरक ११. मीटर ३२०० चं असेल तर दहा मिनिटांतली एक लुकलुक म्हणजे १.८७५ वॅट. अकराला गुणलं की साधारण २१ वॅट. १६०० च्या मीटरला तोच गुणक दुप्पट होईल, ६४०० च्या मीटरला निम्मा. एका लुकलुकीची चूक सहज होते, म्हणजे दीड-दोन वॅट इकडेतिकडे. म्हणून लहान वस्तूंसाठी दहाऐवजी वीस-तीस मिनिटं मोजा आणि लुकलुकींना दोननं किंवा तीननं भागा.

याच पद्धतीनं टीव्ही आधी नेहमीच्या उजेडात आणि मग पडद्याचा उजेड कमी करून मोजा. लॅपटॉप बॅटरी भरलेली असताना मोजा, नाहीतर चार्जिंगचे वॅट कामाच्या वॅटमध्ये मिसळतील. सेट-टॉप बॉक्स मात्र जरूर दोनदा मोजा: एकदा कार्यक्रम चालू असताना, एकदा रिमोटनं बंद केल्यावर. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. माझ्या मते या सगळ्या सकाळीतली सर्वांत डोळे उघडणारी नोंद तीच असते.

फोन मोजू नका, हिशेब करा. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास वीज मावते. चार्जर आणि बॅटरी यांत उष्णतेनं जाणारी धरून भिंतीतून २५ घेतली समजा. रोज एकदा पूर्ण चार्ज केला तर वर्षाला ९ युनिटं. आणि फोन न लावता भिंतीत राहिलेला रिकामा चार्जर? आजचे चांगले चार्जर तेव्हा एक दशांश वॅटच्या आसपास घेतात, म्हणजे वर्षाला जेमतेम एक युनिट. तो काढून ठेवणं सुरक्षिततेसाठी चांगलं आहे, पण पर्यावरणासाठी आपण काही केलं असं समाधान त्यात शोधू नका.

युनिटांचे किलो करा

वॅट गुणिले रोजचे तास गुणिले ३६५, भागिले १०००. झाली वर्षाची युनिटं. आता एका युनिटामागे हवेत किती कार्बन डायऑक्साइड जातो?

केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी हा आकडा काढतं. देशाची सरासरी गेल्या काही वर्षांत युनिटमागे ०.७ किलोच्या जरा वर आहे. आपल्याकडे वीज म्हणजे आजही मुख्यतः कोळसा. देशातली सुमारे तीन-चतुर्थांश वीज त्यातूनच येते. कोयनेचं पाणी आहे, राजस्थान-गुजरातचं ऊन आणि साताऱ्याकडचा वारा आहे, पण ते सगळं एकाच जाळ्यात मिसळतं आणि त्या जाळ्यात २९२० मेगावॅटचं चंद्रपूर आहे, कोराडी आहे, खापरखेडा आहे. चंद्रपूरचे लोक वर्षानुवर्षं ज्या राखेत आणि धुरात राहतात, त्यातला एक वाटा आपल्या दिवाणखान्यातल्या चोवीस तास जागणाऱ्या डब्याचाही आहे. वहीतल्या किलोंकडे पाहताना ते गाव नजरेसमोर असू द्या.

पण ०.७ हा आकडा वीजकेंद्राच्या दाराशी मोजलेला. तिथून आपल्या मीटरपर्यंत येताना तारांत आणि ट्रान्सफॉर्मरांत वीज गळते. म्हणून घरच्या प्रत्येक युनिटाला ०.८ किलो धरा. छपरावर सौर पॅनल असतील तर त्यातून भागलेली युनिटं आधी वजा करा.

नमुन्यादाखल चौघांचं एक घर घेऊ. राउटर ९ वॅट, चोवीस तास: ७९ युनिटं, ६३ किलो. सेट-टॉप बॉक्स १२ वॅट, तोही चोवीस तास: १०५ युनिटं, ८४ किलो. ४३ इंची टीव्ही ८० वॅट, रोज चार तास: ११७ युनिटं, ९४ किलो. लॅपटॉप ४० वॅट, सहा तास, वर्षातले ३०० दिवस: ७२ युनिटं, ५८ किलो. चार फोन: ३६ युनिटं, २९ किलो. एकूण ४०९ युनिटं आणि ३२७ किलो. भला मोठा टीव्ही रोज चार तास चालून जेवढा भार टाकतो, त्याच्या जवळपास तेवढा भार त्याच्याखालचा मुठीएवढा डबा टाकतो, आणि त्यातला बहुतेक वेळ त्याच्याकडे कुणी बघतही नसतं.

घडणीचा भार वर्षांवर वाटा

आता दुसरा रकाना. मोठ्या कंपन्या आपल्या फोन-लॅपटॉपचे पर्यावरण अहवाल जाहीर करतात. तुमच्या मॉडेलचं नाव टाकून असा अहवाल शोधा आणि त्यातला एकूण किलोंचा आकडा आणि उत्पादनाचा टक्का लिहून घ्या. ॲपलनं आयफोन १३ साठी दिलेला आकडा ६४ किलो होता आणि त्यातला ८१ टक्के भार निव्वळ उत्पादनाचा होता. अहवाल सापडला नाही तर फोनला ६० किलो, लॅपटॉपला २५०, मोठ्या टीव्हीला ३००, राउटर आणि सेट-टॉप बॉक्स मिळून ५० धरा. हे ढोबळ आहेत, पण निर्णय घ्यायला पुरतात.

एवढ्याशा फोनला एवढा भार कशाचा, हा प्रश्न पडायला हवा. काचेचा आणि ॲल्युमिनियमचा वाटा आहेच, पण खरा भार चिपांचा. सिलिकॉनच्या चकतीवर थरामागून थर चढवत, कोरत, धूत एक चिप तयार व्हायला महिने लागतात. हे जिथे चालतं त्या खोल्यांची हवा अहोरात्र गाळून थंड ठेवावी लागते आणि पाणी अतिशुद्ध करावं लागतं. हे कारखाने मुख्यतः तैवान, दक्षिण कोरिया, चीन इथे आहेत आणि तिथली वीजही मोठ्या प्रमाणात कोळसा-वायूवरची आहे. कोरण्यासाठी जे फ्लोरिनयुक्त वायू वापरतात त्यातला कार्बन टेट्राफ्लोराइड वजनाला वजन धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे सात हजार पट तापवतो आणि हवेत हजारो वर्षं राहतो. कारखाने तो पकडायचा प्रयत्न करतात, तरी काही निसटतोच. एकदा फोन घडला की हे सगळं होऊन गेलेलं असतं. तो कितीही काटकसरीनं चार्ज केला तरी ते परत घेता येत नाही.

म्हणून घडणीच्या किलोंना वापराच्या वर्षांनी भागायचं. तीन वर्षं वापरलेल्या फोनला वर्षाला २० किलो, दोन वर्षांत बदलला तर ३०, पाच वर्षं चालवला तर १२. चार्जिंगचे किलो आठवा: वर्षाला सात. म्हणजे फोनच्या बाबतीत वीज वाचवण्याची सारी खटपट एका बाजूला आणि तोच फोन आणखी दोन वर्षं चालवणं दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू जड आहे. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सचं नेमकं उलटं, तिथे वीजच जड. हा फरक लक्षात न घेता दिलेला कुठलाही सरसकट सल्ला निम्म्या घराला चुकीचा ठरतो.

आपल्या नमुना घरात चार फोनांचे ८० किलो, लॅपटॉप पाच वर्षांचा धरून ५०, टीव्ही आठ वर्षांचा धरून ३८, दोन डब्यांचे १०. वर्षाला १७८ किलो.

दूरचा भार: इथे अंदाजावर भागवा

तिसरा रकाना सर्वांत डळमळीत आहे आणि सर्वांत जास्त आरडाओरडा याच्याबद्दल झाला आहे. २०१९ मध्ये एका फ्रेंच संस्थेच्या हवाल्यानं जगभर बातमी फिरली की अर्धा तास व्हिडिओ पाहिला की १.६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पुढे त्या हिशेबात बिट आणि बाइट यांची गल्लत झाल्याचं निघालं, म्हणजे तिथेच आठ पटींची चूक. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा आकडा तासाला ३६ ग्रॅमच्या आसपास आला, आणि २०२१ मध्ये कार्बन ट्रस्टनं युरोपची सरासरी ५५ ग्रॅम काढली. त्या ५५ मधला निम्म्याहून अधिक भार बघणाऱ्याच्या टीव्हीचा किंवा फोनचा होता आणि उरलेल्यातला मोठा भाग घरातल्या राउटरचा. डेटा सेंटर आणि तारांचं जाळं यांच्या वाट्याला थोडंच राहिलं.

टीव्ही आणि राउटर आपण आधीच मोजले आहेत, त्यामुळे ते पुन्हा धरायचे नाहीत. उरलेल्या भारासाठी, आपली वीज युरोपपेक्षा जास्त कोळशाची आहे हे लक्षात घेऊन, मी घरच्या वायफायवरच्या तासाला २० ग्रॅम धरतो. मोबाइल डेटावर त्याच्या दुप्पट, कारण टॉवर तारेपेक्षा जास्त वीज खातो आणि आपल्याकडे वीज गेली की पुष्कळ ठिकाणी तो डिझेलवर चालतो. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. वहीत ते पेन्सिलीनं लिहा. टीव्हीवर रोज दोन तास आणि चौघांच्या फोनांवर प्रत्येकी दोन तास, त्यातले निम्मे मोबाइल डेटावर, असं धरलं तर वर्षाला १०० किलोंच्या आसपास येतात.

ईमेल आणि फोटो पुसण्याबद्दल. २०२५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात पाण्याची टंचाई झाली तेव्हा तिथल्या राष्ट्रीय दुष्काळ गटानंसुद्धा जुने ईमेल आणि फोटो डिलीट करा असं लोकांना सुचवलं होतं. पण साठवून ठेवलेलं पत्र जागच्या जागी पडून असतं, ते राखायला नगण्य वीज लागते. पुसत बसायला तास-दोन तास लॅपटॉप चालू ठेवलात तर उलट भरच पडेल. या कामाला वहीत रकाना नको.

एआयला प्रश्न विचारण्याचंही लोक विचारतात. गुगलनं २०२५ मध्ये आपल्या जेमिनीच्या एका साधारण मजकुरी प्रश्नाला ०.२४ वॅट-तास लागतात असं जाहीर केलं. रोज दहा प्रश्न विचारले तरी वर्षाला एक युनिट भरत नाही. चित्रं आणि विशेषतः व्हिडिओ बनवून घेण्याचं प्रकरण वेगळं, ते कित्येक पटींनी जड आहे. आणि सगळ्यांचं मिळून होणारं तर फारच वेगळं: आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानं २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिटं वापरली, जगाच्या विजेच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत ती ९४५ अब्जांच्या आसपास जातील. हा प्रश्न घरच्या वहीत सुटणारा नाही. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात राहणाऱ्यांना मात्र तो अगदी दाराशी आहे, कारण देशातल्या डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा जमाव मुंबई-नवी मुंबईतच आहे. आपल्या नगरसेवकाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारायचे प्रश्न साधे आहेत: या इमारतीची वीज कुठून येते, थंडाव्यासाठी पाणी किती आणि कुठलं, डिझेलचे जनरेटर किती वेळ चालतात? हे प्रश्न विचारायला तज्ज्ञ असावं लागत नाही.

बेरीज करा आणि जड ओळींवर खूण करा

नमुना घराची बेरीज अशी: घरची वीज ३२७, घडण १७८, दूरचा भार १००. सुमारे ६०० किलो. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे चौघांचे आठ टन. त्यात डिजिटल वस्तूंचे सात-आठ टक्के. विमानाच्या एखाद्या लांबच्या फेरीपुढे हे कमी आहे हे खरं, पण हा भार कुठलीही गैरसोय न सोसता बराच उतरतो म्हणून तो आधी घ्यावा.

आपल्या वहीतल्या सर्वांत जड चार ओळींवर लाल खूण करा. फक्त त्यांच्यावर काम करायचं.

उतरवण्याची कामं, याच क्रमानं

सेट-टॉप बॉक्सला स्वतंत्र बटण द्या. टीव्ही आणि बॉक्स बटणाच्या एका एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, बोर्ड हाताला येईल असा ठेवा आणि टीव्ही बघून झाला की बटणच बंद करायचा नेम करा. सुरू करताना बॉक्सला मिनिटभर लागतं, घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दोन दिवसांत बटण पुन्हा कायमचं चालू राहील. ज्येष्ठांना खाली वाकावं लागू नये एवढी काळजी घ्या. दिवसातले १८ तास बंद राहिला तर नमुना घरात ६३ किलो वाचतात, ७९ युनिटांचे पैसेही. बिलावरच्या तुमच्या टप्प्याच्या दरानं गुणून तो आकडा घरात सर्वांना दाखवा.

राउटर रात्री बंद करता येतो, पण आधी तीन गोष्टी पाहा: घरचा लँडलाइन फोन त्याच्यावर आहे का, कॅमेरे त्याच्यावर आहेत का, आणि घरात एकटं राहणारं वयस्कर माणूस रात्री वायफायवरून फोन करतं का. यातलं एकही असेल तर तो चालूच ठेवा. १८ किलोंसाठी कुणाची सुरक्षितता पणाला लावायची नाही.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऊर्जाबचतीचा मोड लावा. दुकानात दिसावा म्हणून पडदा फार उजळ ठेवलेला असतो, घरात त्याची गरज नसते. तुमच्या मोजणीत जो फरक आला असेल तेवढी ही बचत. पाव हिस्सा कमी झाला तर २३ किलो.

फोनचं आयुष्य वाढवणं हे सर्वांत मोलाचं काम, आणि ते मुख्यतः बॅटरीचं काम आहे. उशीखाली, गादीवर, उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंग नको. उष्णता हीच लिथियम बॅटरीची वैरीण. रोज शंभर टक्के भरण्याऐवजी ऐंशीवर थांबवायची सोय आता बहुतेक फोनांत आहे, ती चालू करा. फोन मंद झाला, दुपारीच संपतो असं वाटलं तर नवा बघण्याआधी बॅटरी बदलण्याचा खर्च विचारा. बहुतेकदा तो नव्या फोनच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या दुरुस्तीच्या हक्काच्या पोर्टलवर कंपन्यांच्या सेवा केंद्रांची आणि सुट्या भागांची माहिती मिळते. लॅपटॉपला रॅम किंवा एसएसडी टाकून तो आणखी दोन-तीन वर्षं सहज चालतो. गावोगावच्या दुरुस्तीवाल्या पोरांकडे हे कसब आहे, त्यांना काम द्या. सुरक्षेचे अपडेट येणं थांबलं की मात्र त्या फोनवरून बँकेचे व्यवहार बंद करा आणि तो इतर कामांना ठेवा.

लांब व्हिडिओ घरी असताना वायफायवर बघणं, छोट्या पडद्यावर फार वरचा दर्जा न लावणं, ही कामं एकदा सेटिंगमध्ये करून सोडून द्या.

चार्जिंगची वेळ जमत असेल तर दिवसाची ठेवा. दुपारी जाळ्यात सौर वीज सर्वांत जास्त असते. महावितरणनं २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलतही दिली आहे. इन्व्हर्टर, लॅपटॉप, पॉवर बँक हे सगळं दुपारी भरून घेता येतं.

माळ्यावरच्या वस्तू मार्गी लावा

पहिल्या पायरीतली अडगळ आता पुढ्यात घ्या आणि तिचे तीन ढीग करा: चालू पण न लागणारं, दुरुस्त होण्याजोगं, पूर्ण गेलेलं. पहिला ढीग लगेच कुणाला तरी द्या. माळ्यावर पडून प्रत्येक वर्षी त्याची किंमत आणि उपयोग दोन्ही घटतात. देण्यापूर्वी खात्यांतून बाहेर पडा, फॅक्टरी रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा.

तिसऱ्या ढिगाची काळजी जास्त. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराच हातांनी फोडला जातो. दिल्लीतल्या सीलमपूरसारख्या ठिकाणी तांब्यासाठी तारा जाळतात, सर्किटं आम्लात बुडवतात, आणि त्या धुरात लहान मुलंही असतात. आपण भंगारात दिलेली वस्तू तिथवर जाऊ शकते. २०२३ च्या १ एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार आपल्या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून आधी त्या कंपनीच्या संकेतस्थळावर परत घेण्याची सोय शोधा. नसेल तर नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याचं संकलन केंद्र शोधा. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था ई-कचरा घेते. तुमच्या शहरात महापालिकेच्या घनकचरा विभागाला फोन करून संकलनाचा दिवस विचारा, आणि नसेल तर सोसायटीतर्फे मागणीचं पत्र द्या. शंभर घरांचा ढीग एकत्र झाला की संकलन करणारे दारात येतात.

फुगलेली बॅटरी असेल तर ती दाबू, टोचू किंवा काढायचा प्रयत्न करू नका. अशी वस्तू चार्जिंगला न लावता वाळूच्या डब्यात किंवा धातूच्या उघड्या भांड्यात, घरातल्या लोकांपासून आणि ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवा आणि संकलनवाल्याला आधी सांगून द्या. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा. हार्ड डिस्कमधली माहिती पुसून मगच ती द्या. पावती मागा आणि वहीत त्या वस्तूच्या ओळीपुढे दिल्याची तारीख लिहा.

नंतर वहीचं पुढचं पान उलटा, पुढच्या वर्षीचा याच सुमाराचा रविवार वर लिहा आणि खाली फक्त चार लाल ओळी उतरवून ठेवा. पुढच्या वेळी सगळं घर मोजायची गरज नाही, या चार ओळी आणि मधल्या काळात घरात आलेल्या नव्या वस्तू एवढंच पुरे.